एका शब्दाचे दोन तर्जुमे

माझा नातू मराठी शाळेत जातो आणि नात उर्दू शाळेत. नातू मुलीचा, नात मुलाची. बार्शीटाकळीत दोघे एकाच छपराखाली राहतात, एकाच दस्तरखानावर जेवतात आणि भांडतातही एकाच भाषेत. शाळा वेगळ्या असल्या तरी दोघांची पुस्तके बालभारतीचीच. पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानावर भारताच्या संविधानाची उद्देशिका असते. २६ जानेवारीला शाळेत म्हणायची म्हणून दोघेही ओसरीवर बसून ती घोकत होते. त्याचे ‘सार्वभौम’ आले की तिचे ‘मुक्तदिर’ येई. ‘समाजवादी’ला दोघांचे एकमत झाले, कारण तो शब्द उर्दूनेही तसाच ठेवला आहे. तिथे दोघे हसली. पुढच्या शब्दावर मात्र हसू थांबले. नातू म्हणाला ‘धर्मनिरपेक्ष’ आणि नात म्हणाली ‘गैर मजहबी’.

नातीने मला विचारले, “दादा, ये दोनो एकच है क्या?”

मी “हाँ, एकच” म्हणून मोकळा झालो. शाळेत तीस-बत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला असे चटकन उत्तर देण्याची खोड असते. पण त्या रात्री ते उत्तर मला टोचत राहिले. मूळ इंग्रजी शब्द एकच आहे, ‘सेक्युलर’. त्याचे हे दोन तर्जुमे खरोखर एकच आहेत काय? नसतील, तर एकाच घरातली दोन मुले दोन वेगवेगळ्या देशांची प्रतिज्ञा पाठ करीत आहेत काय?

आधी मूळ शब्दाकडे पाहू. ‘सेक्युलर’ हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याच्या मुळाशी काळ, युग, पिढी असा अर्थ आहे. ख्रिस्ती चर्चमध्ये त्याला ‘या जगातला’ असा अर्थ आला. मठाच्या नियमांत न राहता लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या पाद्र्यालाही ‘सेक्युलर’ म्हणत. म्हणजे पाद्री, आणि तोही सेक्युलर! पुढे १८५१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज जेकब होलिओक याने त्यावरून एका विचारसरणीचे नाव घडवले, आणि धर्माचा आधार न घेता नीतीने जगता येते असा अर्थ त्याला जोडला गेला. राज्यशास्त्रात त्याचा अर्थ राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत असा झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तर तो आणखीच निराळा आहे. कापसाच्या भावाचा ‘सेक्युलर’ कल म्हणजे वर्षानुवर्षांचा, लांब मुदतीचा कल. तिथे कोणी ‘कापसाच्या भावाचा धर्मनिरपेक्ष कल’ असे लिहिले, तर अकोल्याच्या बाजारात त्याचे हसेच होईल.

इतके अर्थ पोटात असलेला शब्द दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हणजे भरलेले घर एका बैलगाडीत भरण्यासारखे आहे. काही सामान मागे राहणारच. काय न्यायचे आणि काय ठेवायचे, हे तर्जुमा करणाऱ्याला ठरवावे लागते. दूरच्या फिनलंडमधल्या भाषेचे उदाहरण मोठे बोलके आहे. तिथे या शब्दासाठी ‘माल्लिनेन’ असा शब्द आहे. त्यातल्या ‘मा’चा अर्थ जमीन, धरती. म्हणजे धरतीवरचा, दुनियेतला. पण एखादी संस्था कोणत्याच धर्मपंथाची नाही असे सांगायचे असेल, तर तिथले लोक ‘तुन्नुस्तुक्सेतोन’ म्हणतात, म्हणजे ज्यात कोणत्याही पंथाची कबुली नाही असा. लांब मुदतीच्या कलासाठी पुन्हा वेगळे शब्द. फिनिश अनुवादकाला लेखणी उचलण्याआधी विचारावे लागते की हा शब्द इथे कशाला चिकटला आहे? पाद्र्याला, शाळेला, की बाजारभावाला?

आपल्याकडच्या अनुवादकांनी काय केले? मराठीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घेतला. गुजरातीने ‘बिनसांप्रदायिक’ म्हटले. हिंदीने उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ लिहिले. पण संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात, जिथे धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय इत्यादी ‘सेक्युलर’ व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, तिथे त्याच हिंदीने ‘लौकिक’ हा शब्द वापरला. एकाच ग्रंथात, एकाच इंग्रजी शब्दाचे दोन तर्जुमे! यात चूक काही नाही. तिथला अर्थच ‘दुनियेतले व्यवहार’ असा आहे. आपले फिकाहचे जाणकार इबादत आणि मुआमलात असा भेद करतात. त्यामुळे हा अर्थ आपल्याला परका वाटू नये. अरबीतही या कल्पनेला ‘अलमानिया’ म्हणतात. बहुतेक जाणकार त्याचे नाते ‘आलम’शी, म्हणजे जगाशी, जोडतात, काही जण मात्र तो ‘इल्मानिया’ असा उच्चारून इल्मशी जोडतात.

आता आपल्या ओसरीवरचे दोन शब्द उघडून पाहू. ‘निरपेक्ष’ म्हणजे अपेक्षा नसलेला. आपण ‘निरपेक्ष प्रेम’ म्हणतो तेव्हा त्यात केवढा मोठेपणा असतो! पण ‘निरपेक्ष’चा दुसरा अर्थ ‘कशावर अवलंबून नसलेला, कशाची गणती न करणारा’ असा आहे. राज्याबद्दल बोलताना हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे: माणसाचा धर्म कोणता याची गणती न करता वागणारे राज्य. पण ‘धर्म’ शब्दाचे काय? मराठीत धर्म म्हणजे केवळ नमाज किंवा पूजा नव्हे. शेजारधर्म आहे, राजधर्म आहे, दानधर्म आहे, धर्मशाळा आहे. दारावरचा भिकारीही “काही धर्म करा” म्हणतो. धर्म म्हणजे कर्तव्य असे मानले, तर धर्मनिरपेक्ष म्हणजे कर्तव्याची पर्वा नसलेला असाही अर्थ निघू शकतो. याच मुद्द्यावर काही जण ‘पंथनिरपेक्ष’चा आग्रह धरतात. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी लोकसभेत हेच सांगितले होते.

उर्दूतला शब्द आणखी गमतीचा आहे. ‘मजहब’ हा अरबी शब्द ‘जाणे’ या धातूपासून आला. मजहब म्हणजे जाण्याची वाट. हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे चार मजहब आपण याच अर्थाने म्हणतो. म्हणजे ‘मजहब’ आणि ‘पंथ’ हे अर्थाने सख्खे भाऊ निघाले. या हिशेबाने हिंदीचा ‘पंथनिरपेक्ष’ आणि उर्दूचा ‘गैर मजहबी’ जवळजवळ एकच बोलतात. पण कानाला काय ऐकू येते? ‘पंथनिरपेक्ष’ भारदस्त वाटतो. ‘गैर मजहबी’ ऐकले की आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. त्यात मराठीत ‘गैर’ म्हणजे अनुचित: गैरवर्तन, गैरसमज, गैरप्रकार. उर्दूत ‘गैर’ म्हणजे परका. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या वऱ्हाडी मुसलमानाच्या कानावर हा शब्द दोन्हीकडून आपटतो. बोलीतल्या मराठीचे हाल काही वेगळे नाहीत. वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे ‘निधर्मी राज्य’ असे छापून येत असे, आणि निधर्मी म्हटले की ज्याला धर्मच नाही, नीतीही नाही, असा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

तेव्हा कोणी म्हणेल, की शब्दांची ही कीस काढण्यात काय अर्थ आहे? राज्य कसे वागते ते महत्त्वाचे. मलाही एकेकाळी असेच वाटत असे. एका बैठकीने माझे मत बदलले.

डिसेंबर १९९२ नंतरचे ते दिवस. गावोगावी सलोख्याच्या बैठका होत होत्या. अशाच एका बैठकीत मी तरुण मास्तर म्हणून हजर होतो. एक अधिकारी मराठीत बोलले. मोजके बोलले आणि चांगले बोलले. समोर बसलेल्या काही बुजुर्गांना शुद्ध मराठी नीट समजत नव्हती, म्हणून मला तर्जुमा करायला उभे केले. अधिकारी म्हणाले, “आपले राज्य धर्मनिरपेक्ष आहे. भिऊ नका.” मी म्हणालो, “हमारी हुकूमत ला-मजहब है. डरो मत.”

पुढच्या रांगेतले एक वयस्कर हकीमसाहब उठून उभे राहिले. माझ्या वालिदांचे ते जुने दोस्त. मला म्हणाले, “मास्टर, जिसका कोई मजहबच नहीं, उसके दरवाजे पे हम इन्साफ माँगने कायकू जाना?” आणि काठी टेकत ते बाहेर निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. अधिकाऱ्यांना काय झाले ते कळलेच नाही. त्यांच्या तोंडून एकही वाकडा शब्द गेला नव्हता. ज्या दिवसांत विश्वास हीच सर्वांत मोठी गरज होती, त्या दिवसांत माझ्या एका शब्दाने तो उठून बाहेर गेला.

मी मनाशी ठरवले, की पुन्हा अशी चूक करायची नाही. पुढच्या बैठकीत तोच शब्द आला, तेव्हा मी म्हणालो, “हमारी हुकूमत सब मजहबों की बराबर इज्जत करती है.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला शाबासकीही मिळाली. पण घरी येताना मनात आले, की पहिल्या वेळी मी शब्द कडवट केला होता, या वेळी तो गोड केला. अधिकाऱ्यांचे म्हणणे मात्र दोन्ही वेळा वाटेतच सांडले. राज्याने सर्व धर्मांची इज्जत करणे ही चांगली गोष्ट आहे. पण इज्जत करणारा पाहुणा म्हणून एका घरी जास्त वेळ बसला आणि दुसऱ्या घरी कमी, तरी तो म्हणू शकतो, की इज्जत मी दोघांची केली. हकीमसाहबांना इज्जत नको होती. त्यांना इन्साफ हवा होता, आणि इन्साफ करणाऱ्याने समोरच्याचे नाव कानावर पडले तरी हात जरासुद्धा हलू न देणे, हाच तर ‘निरपेक्ष’चा अर्थ होता. तो मला त्या दिवशी सांगता आला नाही.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. प्रा. के. टी. शाह यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘सेक्युलर’ शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही आणि ती फेटाळली गेली. तरीही २५ ते २८ या अनुच्छेदांतून त्याचा आशय संविधानात आलाच. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला. त्यानंतर १९७८ साली त्याची व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला: सर्व धर्मांना समान आदर असलेले गणराज्य. लोकसभेने ती मंजूर केली, राज्यसभेने केली नाही. म्हणजे मी दुसऱ्या बैठकीत केलेला तर्जुमा देशाचा अधिकृत तर्जुमा होता होता राहिला! १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे सांगितले. उद्देशिकेतून हा शब्द काढावा म्हणून केलेल्या याचिका त्याच न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. शब्द राहिला. पण त्याचा अर्थ प्रत्येक गावाला, प्रत्येक गल्लीला रोज नव्याने करावा लागतो.

आणि इथेच प्रश्न भाषेचा राहत नाही, नियतीचा म्हणजे आपल्या नीयतचा होतो. अनेक अर्थांचा शब्द हातात असला की माणूस आपल्या सोयीचा अर्थ उचलतो. बहुसंख्य समाजातला माणूस उदार मनःस्थितीत असला की ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणतो आणि चिडला की ‘निधर्मी’ म्हणतो. आपणही वेगळे काही करीत नाही. सरकारकडे मागणी करताना आपल्या निवेदनात ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराने चार प्रश्न विचारले, की आपण म्हणतो, “लौंडा सेक्युलर हो गया.” निवेदनात जो शब्द ढाल असतो, तोच चौकात शिवी होतो. दोन मापे ठेवणाऱ्या दुकानदाराला कुरआनने किती कठोर शब्दांत झापले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. शब्दांचीही मापे असतात, हे मात्र आपण विसरतो.

मग खरे माप कोणते? मला ते माझ्याच गल्लीत सापडले. बार्शीटाकळीत आपली वस्ती मोठी आहे. काही गल्ल्यांत आपण बहुसंख्य आहोत, आणि तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात थोडके. २०२५चा रमजान मार्चमध्ये होता आणि त्याच दिवसांत दहावीची परीक्षा चालू होती. आमच्या गल्लीत सेहरीला उठवायला पोरांची टोळी डफ वाजवीत फिरते. लहानपणी मीही फिरलो आहे. गल्लीत चार घरे हिंदूंची. त्यातल्या एकाची मुलगी दहावीला. तो माझ्याकडे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मास्तर, पोरीचा पेपर आहे. तेवढं आमच्या दारापुढं डफ वाजवू नका म्हणावं. राग नका मानू.”

मी पोरांना बोलावून सांगितले. त्यातला एक शिकलेला पोरगा म्हणाला, “सर, मुल्क सेक्युलर है. अपना मजहबी हक है.” तोच शब्द! तीस वर्षांपूर्वी जो मला नीट सांगता आला नव्हता. मी त्याला विचारले, “वो पडोसी आवाज नीची करके क्यूँ बोला?” तो गप्प झाला. मी म्हणालो, “जिस गली में हम ज्यादा हैं, वहाँ उसको नीची आवाज में बोलना न पडे, इसका नाम सेक्युलर. जहाँ हम कम हैं, वहाँ हम भी तो यहीच माँगते हैं.”

पोरे ऐकणारी निघाली. गल्लीच्या दोन खांबांमध्ये त्यांनी डफ बंद ठेवला आणि तिथे ज्यांची सेहरी होती त्यांची दारे हाताने ठोठावली. मिरवणुकीचा डीजे आपल्या मशिदीपुढे आला, की आपण जी अपेक्षा करतो, ती करण्याचा हक्क अशा छोट्या गोष्टींतून कमवावा लागतो, असे मी म्हणणार नाही. हक्क कमवावा लागत नाही, तो असतोच. पण त्या हक्काचा जो अर्थ आपण इतरांना सांगतो, तो खरा आहे की सोयीचा, हे अशाच गल्लीत कळते. माझे म्हणणे एवढेच आहे: या शब्दाचा तर्जुमा करायचा असेल, तर जिथे आपण जास्त आहोत तिथे उभे राहून करावा. तिथे जो अर्थ टिकेल, तोच अर्थ जिथे आपण थोडके आहोत तिथे ताठ मानेने मागता येईल. ही कसोटी बहुसंख्य समाजालाही तितकीच लागू आहे. त्याला तर ती लावण्याची संधी देशभर रोज मिळते.

आपण मराठीत लिहिणारे मुसलमान दोन भाषांच्या उंबरठ्यावर जन्मलो. घरात ‘इन्साफ’, शाळेत ‘न्याय’. घरात ‘पडोसी का हक’, शाळेत ‘शेजारधर्म’. इकडचे म्हणणे तिकडे आणि तिकडचे इकडे पोचवणे हे काम आपण मागून घेतलेले नाही, ते वाट्याला आले आहे. ते करताना मोह दोन होतात. ऐकणाऱ्याला राग येईल असा अर्थ निवडून भांडण लावण्याचा, किंवा त्याला आवडेल असा अर्थ निवडून शाबासकी मिळवण्याचा. मी दोन्ही करून पाहिले आहे. दोन्हींत शब्द पोचतो, माणूस पोचत नाही.

हकीमसाहब आज हयात नाहीत. असते तर मी त्यांच्याकडे जाऊन सांगितले असते, की चचा, त्या दिवशी मी चुकीचे बोललो. साहेबांना म्हणायचे होते, की इन्साफ के वक्त ये हुकूमत आपका नाम नहीं पूछेगी. ते कदाचित म्हणाले असते, “पूछती तो है, मास्टर.” मग मला कबूल करावे लागले असते, की हो, पुष्कळदा विचारते. पण तो शब्दाचा दोष नव्हे, दिलेल्या शब्दाला न जागण्याचा दोष आहे. आणि दिलेला शब्द काय होता हे नीट माहीत असेल, तरच तो मोडला म्हणून दाद मागता येते.

दुसऱ्या दिवशी मी नातीला पुन्हा जवळ बोलावले. म्हणालो, “बेटा, कल मैंने जल्दी में बोल दिया. लफ्ज दो हैं, दोनो थोडे थोडे अधूरे हैं.” मग दोघांना मी डफाची गोष्ट सांगितली. नातू म्हणाला, “नाना, मग परीक्षेत काय लिहायचं?” मी म्हटले, “पुस्तकात आहे तेच लिही.” नात मात्र विचार करीत बसली होती. तिने विचारले, “और दादा, उस लडकी का पेपर कैसा गया?”

त्या मुलीला पेपर कसा गेला, हे मीही विचारले नव्हते. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आलो.